केझाया थर्टलचा पश्चात्ताप

केझाया थर्टलला चौदा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती मोज्यांच्या एका जोडीपायी. म्हणजे एका पायाला सात वर्षं. हे गणित तिचंच. जहाजावर भेटेल त्याला ती ते ऐकवायची. मोजे रेशमी होते, फिकट निळे, आणि इंग्लंडात, नॉर्फोकातल्या ज्या हवेलीत ती कपडे धुवायला होती तिथल्या मालकिणीचे. धुतले, वाळले, घडी झाली, आणि कपाटात जायच्या आधी एका रविवारी ते केझायाच्या पायांत चढून चर्चला गेले. चर्चच्या दारात चिखल होता. तिने घागरा चार बोटं वर उचलला आणि मागून येणाऱ्या मालकिणीने आपले मोजे ओळखले.

"देवाच्या दारात उभं राहून मोलकरणीच्या घोट्यांकडे बघते ती बाई धर्मशील, आणि चोर मी!" केझाया म्हणायची. "आणि खरं सांगू, ऑनर? फार मऊ होते गं. अख्खी प्रार्थना मी पायांची बोटं हलवत ऐकली."

मालकिणीचा नवरा न्यायाधीशाबरोबर शिकारीला जायचा, त्यामुळे खटला काही लांबला नाही. घरच्या नोकराने घरातच हात मारला म्हणून शिक्षा दुप्पट.

मी ऑनर स्कली, आयर्लंडातल्या कॉर्कची. मला दोन बदकांपायी सात वर्षं झाली. बदकं मी चोरली होती आणि खाल्लीही होती, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. जहाजात केझायाची आणि माझी फळी एकच. चार महिने आम्ही एकमेकींचे गुडघे खात झोपलो. निघताना लंडनच्या दयाळू बायकांनी बंदरावर येऊन प्रत्येकीला एक बायबल, एक ॲप्रन आणि चिंध्यांचं एक गाठोडं दिलं होतं. वाटेत गोधड्या शिवा, म्हणजे मनं शुद्ध होतील. गोधड्या आम्ही वाटेतल्या बंदरातच विकून टाकल्या. मनांना गिऱ्हाईक मिळालं नाही, ती तशीच ऑस्ट्रेलियाखालच्या बेटावर, होबार्टला आली.

होबार्टला डेकवर आमची रांग लावली आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी आम्हाला निवडायला आली. बाजारात गाय घेणारा माणूस निदान गाईशी दोन शब्द बोलतो. मिस्टर हॅविलँड नावाचा एक लठ्ठ, गुलाबी माणूस केझायासमोर थांबला. सरकारी धान्याचं कोठार त्याच्या ताब्यात होतं. त्याने तिचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"धोबीण?"

"हो साहेब."

"प्रामाणिक?"

"प्रामाणिक असते तर इथे भेटलो असतो का, साहेब?"

तो हसला. विनोद समजला म्हणून नाही; दात चांगले होते म्हणून. केझाया त्याच्याकडे गेली आणि मी रेव्हरंड लिडियर्ड नावाच्या पाद्र्याच्या स्वयंपाकघरात.

हॅविलँडच्या घरी ती दीड वर्ष होती. त्या घरात सतत पाहुणे, जेवणावळी, पत्त्यांचे डाव. दीड वर्षानंतर तिचं पोट दिसायला लागलं. मग काय व्हायचं ते ठरलेलंच असतं: बाई वाईट चालीची म्हणून तिला कोर्टात उभी करायची आणि बायकांच्या तुरुंगात पाठवायची. आम्ही त्या तुरुंगाला कारखाना म्हणायचो, कारण तिथे सगळ्या होबार्टचे कपडे धुतले जात. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, ऊन कधी न येणारी जागा. बाप कोण हे कोर्टाने विचारलं नाही. केझायाने मलाही सांगितलं नाही. "कळून काय करणार आहेस? टोपी विणून देणार आहेस त्याला?" एवढंच म्हणाली.

तिथे तिला मुलगी झाली. नाव ठेवलं जेमायमा. अडीच वर्षं ती मुलगी कपड्यांच्या ढिगांमध्ये वाढली, आणि मग नियमाप्रमाणे एके दिवशी सकाळी गाडी आली आणि तिला सरकारी अनाथालयात घेऊन गेली. आई जिवंत, समोर उभी, आणि मुलगी अनाथ. केझायाने गाडीवाल्याच्या अंगावर उकळत्या पाण्याची बादली फेकली. नेम चुकला. तिचे केस भादरले, पाठीवर गुन्हेगाराची खूण म्हणून पिवळं अक्षर शिवलं आणि सहा महिने तिला सर्वांत जड पिंपांवर ठेवलं.

त्यानंतर आमच्याकडे धोबिणीची जागा रिकामी झाली, तेव्हा मी मिसेस लिडियर्डपाशी तिचं नाव काढलं. ती आली तेव्हा केस कानांपर्यंत वाढले होते. पिशवीत बायबल होतं, जहाजावरचं, कोरं करकरीत.

"तुझा पाद्री कसा आहे?" तिने विचारलं.

"वाईट नाही," मी म्हटलं. "नुसता बोलतो."

हे मी चुकीचं सांगितलं. रेव्हरंड लिडियर्ड नुसता बोलणारा माणूस नव्हता, दुसऱ्यांना बोलायला लावणाराही होता. उंच, वाकलेला, नाकाच्या शेंड्यावर कायम एक थेंब. त्याला एका मोठ्या चर्चवर नेमणूक हवी होती आणि वरच्यांच्या डोळ्यांत भरण्यासाठी त्याने एक युक्ती काढली होती. दर बुधवारी दुपारी चर्चच्या शाळेत सभा. सभेत एखादी सुधारलेली कैदी उभी राहणार, आपली पापं सांगणार, पश्चात्ताप करणार. गावातल्या बायका रडणार, आणि हा सगळा वृत्तांत इंग्लंडला जाणार. अडचण एकच होती. त्याला चांगली पापीण मिळत नव्हती. एकीला बोबडं बोलायची सवय होती, दुसरी सभेत हसली, तिसरीने मधेच विचारलं की बन कधी मिळणार.

केझायाचा आवाज भरदार होता. आल्यानंतर महिनाभरात त्याने तिला अभ्यासिकेत बोलावलं. मी चहा घेऊन गेले होते, ट्रे हातात धरून दाराशी उभी राहिले.

"थर्टल," तो म्हणाला, "तुला तिकीट हवं आहे, असं ऐकतो."

तिकीट मिळालं की शिक्षा उरलेली असली तरी मालकाकडे राहावं लागत नाही. आपलं आपण काम करायचं, आपल्या खोलीत राहायचं. आणि तिकीट असलेल्या आईला, पाद्र्याने चिठ्ठी दिली तर, अनाथालयातून मूल परत मिळू शकतं. लिडियर्ड अनाथालयाच्या कमिटीवरही होता. दोन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात.

"हवं आहे, साहेब."

"मग तू सभेत बोलशील. मी लिहून देतो. आधी मला सांग, तुझ्या पतनाची सुरुवात कशी झाली?"

"मोजे धुवायला आले, साहेब."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी ते मळलेले होते."

त्याने लेखणी खाली ठेवली. "मुली, मोजे पुरत नाहीत. मोज्यांवर कुणी रडत नाही. दारू प्यायचीस?"

"बिअर प्यायचे. नॉर्फोकात पाणी कोण पितं?"

"जिन लिहू या. पुरुष?"

"एक होता. सुतार. लग्न करणार होता माझ्याशी."

"तीन म्हणू."

"तीन?" केझाया म्हणाली. "मग मी झोपायचे कधी, साहेब? पहाटे चारला पाणी तापवायचं असायचं."

"दोन."

"दोन ठीक आहेत."

त्याने लिहिलं. मी ट्रेकडे बघत राहिले. वर बघितलं असतं तर कप फुटले असते.

"आणि तुझी आई. या धक्क्याने गेली असेल."

"आई जिवंत आहे. यारमथला हेरिंग मासे खारवते."

"तिला जावं लागेल."

"आईला मारायचं नाही, साहेब," केझाया म्हणाली, आणि या वेळी ती मजेत नव्हती. "माझ्याबद्दल काय हवं ते लिहा. तिला हात लावायचा नाही."

"मग निदान अंथरुणाला खिळलेली?"

"संधिवात आहे तिला."

"चालेल," रेव्हरंड म्हणाला, आणि संधिवाताचं दुःखाने झुरणं करून टाकलं.

पहिल्या बुधवारी मी चहाच्या किटल्यांमागे उभी होते. शाळेची खोली भरली होती. टोप्यांवरची पिसं, हातमोजे, काळे कोट. यांतल्या निम्म्या बायकांचे सासरे आमच्यासारखेच बेड्या घालून या बंदरावर उतरले होते, हे सगळ्या होबार्टला माहीत होतं आणि सगळं होबार्ट ते विसरलेलं होतं. पहिल्या रांगेत हॅविलँड. तो चर्चच्या आश्रयदात्यांपैकी होता आणि त्याला बसायला हात असलेली खुर्ची लागायची.

केझाया राखाडी झगा घालून उभी राहिली आणि लिडियर्डने लिहिलेलं बोलली. जिन, दोन पुरुष, झुरणारी आई. आवाज कुठे चढवायचा, कुठे पाडायचा, तिला शिकवावं लागलं नाही. सांगता सांगता तिने जिनच्या दुकानाबाहेर बर्फ घातला. तो लिखाणात नव्हता. पिसं थरथरायला लागली. एका बाईला तर बाहेर न्यावं लागलं.

"बर्फ कुठून आणलास?" मी नंतर विचारलं.

"त्यांना गरम होत होतं," ती म्हणाली. "काय माणसं आहेत गं! घरी चहात साखर जास्त टाकली तर माझ्यासारखीला कोर्टात नेतील. इथे मी दोन खोट्या माणसांबरोबर झोपले तर माझ्यासाठी रडतात."

लिडियर्डशी ठरलं होतं तीन सभांचं. तीन झाल्या. मग तो म्हणाला, आणखी एक, कारण न्यायाधीशांच्या मंडळींची हुकली. मग आणखी एक, कारण ज्यांची हुकली नव्हती त्यांना परत यायचं होतं. मग तो तिला गाडीत बसवून आसपासच्या गावांमध्ये नेऊ लागला. उन्हाळा संपला, हिवाळा आला, आणि केझाया पश्चात्ताप करतच होती. तिकिटाचं विचारलं की तो डोळे मिटायचा. "घाई हे अहंकाराचं लक्षण आहे, थर्टल."

जेमायमाला ती फक्त रविवारी बघायची, तेही लांबून. अनाथालयाची मुलं दोन-दोनच्या रांगेने चर्चला जात तेव्हा कुंपणाबाहेर उभं राहायचं. सगळ्यांचे केस भादरलेले, सगळ्यांचे झगे एका रंगाचे. "कोणती माझी ते चालण्यावरून ओळखते," ती म्हणायची. एका रविवारी रांग निम्मीच होती. आत गोवर आला होता. रांगेत ते चालणं नव्हतं.

सोमवारी ती अभ्यासिकेत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "प्रार्थना कर म्हणाला." एवढंच बोलली.

त्याच दिवशी मी जेवण वाढत असताना मिसेस लिडियर्डने नवऱ्याला विचारलं, त्या बाईचं तिकीट देऊन का टाकत नाही? आणि तो मटणाचा तुकडा कापत म्हणाला, "तिला सोडली तर अशी दुसरी कुठून आणू? ईस्टरपर्यंत तरी राहू दे."

ईस्टरला नऊ महिने होते.

मी हे केझायाला सांगितलं. ती त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला इस्त्री करत होती. तिने कॉलर पुरी केली, सदरा घडी करून ठेवला, इस्त्री चुलीवर परत ठेवली. मला वाटलं आता बादली उचलणार.

"ऑनर," ती म्हणाली, "या बुधवारी कोण कोण येणार आहे?"

मिसेस लिडियर्डने मला वीस बन जास्त करायला सांगितले होते, त्यामुळे मला ठाऊक होतं. लॉन्सेस्टनहून एक बडा पाद्री येणार होता, ज्याच्या शब्दावर लिडियर्डची नेमणूक अवलंबून होती. झाडून सगळे येणार होते.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. बडा पाद्री मध्यभागी, पायांवर शाल. एका बाजूला लिडियर्ड, दुसऱ्या बाजूला हॅविलँड. केझाया उभी राहिली. जिन झाली, बर्फ पडला, दोन पुरुष आले आणि गेले, आई झुरली. रुमाल निघाले. लिडियर्ड शेवटच्या प्रार्थनेसाठी उठायला लागला, तेव्हा ती म्हणाली,

"एक पाप राहिलं आहे. ते मी आजपर्यंत सांगितलं नाही."

लिडियर्ड अर्धवट उठलेला तसाच थांबला. बडा पाद्री पुढे वाकला. "सांग, मुली. मन मोकळं कर."

"हे इकडचं आहे, साहेब. इंग्लंडातलं नाही." तिचे हात पोटावर जुळलेले होते. "मी इथे एका सद्गृहस्थांच्या घरी धोबीण होते. नाव घेत नाही. ते परोपकारी गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी मागच्या दाराने पिठाची पोती यायची. पोत्यांवर सरकारी बाणाचा छाप असायचा. पीठ दुसऱ्या पोत्यांत भरून गावात विकायला जायचं, आणि रिकामी पोती माझ्याकडे यायची. छाप घालवायचं काम माझं. राखेचं पाणी, चुना, आणि दगडावर घासायचं. दोन दिवसांत बाण जातो. मला वाटायचं, मी हुशार आहे."

खोलीत कुणाची तरी बशी वाजली. हॅविलँडची मान कॉलरमध्ये जाऊन बसली होती. त्याच्या चेहऱ्याचा गुलाबी रंग उतरून डुकराच्या चरबीचा आला होता.

"मग मी कारखान्यात गेले," केझाया म्हणाली. "तिथे आम्हाला पाव मिळायचा तो त्याच कोठारातल्या पिठाचा. पीठ कमी पडतं म्हणून पाव निम्मा केला होता. दूध पाजणाऱ्या बायकांचाही. माझ्या शेजारी एक बाई होती, तिचं दूध आटलं. मूल सात आठवड्यांचं होतं. ते गेलं तेव्हा मी त्याला धुतलं, कारण मी धोबीण. धुताना मला ते बाण आठवले. ते माझ्या हातांनी गेले होते. त्या मुलाच्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. तिने माझा हात धरला होता."

इथे ती थांबली. मी तिचे सगळे बुधवार ऐकले होते. तिचा आवाज कुठे फाटतो आणि कुठे फाडायचा असतो ते मला पाठ होतं. हा तिसराच आवाज होता. बर्फाच्या वेळी हुंदके देणाऱ्या बायका आता आपल्या हातमोज्यांची बटणं बघत होत्या. एकही रुमाल वर गेला नाही. दोन खोट्या पुरुषांसाठी ज्या रडल्या, त्यांना सात आठवड्यांच्या पोरासाठी खोकलासुद्धा आला नाही.

मग केझायाने डोळे पुसले आणि तिचा सभेतला आवाज परत आला.

"आज उशीर झाला, म्हणून थांबते. त्या घरी पाहुणेही फार यायचे. माझ्या मुलीच्या वडिलांबद्दल मला जो पश्चात्ताप आहे, तो मी पुढच्या बुधवारी नावानिशी सांगेन. देवापासून काही लपत नाही."

काळ्या कोटांमध्ये तीन जणांनी एकदम रुमाल काढले आणि कपाळ पुसलं. मुलीचा बाप फार तर एक असू शकतो. बाकीचे दोघे कशासाठी घामाघूम झाले ते त्यांच्या बायकांनी त्यांना घरी विचारलं असेल.

लिडियर्डची प्रार्थना त्या दिवशी फार छोटी झाली. बन तसेच राहिले.

गुरुवारी सकाळपासून दारात माणसं. हॅविलँड आला आणि अभ्यासिकेचं दार लावून घेतलं गेलं. तो गेल्यावर आणखी दोघे आले. त्यांच्याही वेळी दार बंद. बडा पाद्री मात्र न जेवताच लॉन्सेस्टनला परत गेला. शनिवारी रेव्हरंड लिडियर्ड स्वतः धोबीखान्यात आला. सहा वर्षांत तो तिथे आलेला मी पाहिला नव्हता; वाफेने त्याच्या नाकावरचा थेंब मोठा झाला होता.

"हे तुझं तिकीट," तो म्हणाला. "आणि अनाथालयाला चिठ्ठी. तू आजच जायचं आहेस."

केझायाने हात पुसून कागद घेतले आणि दोन्ही उजेडात धरून वाचले. ती वाचायला जहाजावर शिकली होती.

"आणि बुधवार, साहेब?"

"बुधवारच्या सभा बंद केल्या आहेत."

"लोकांना चुकल्यासारखं होईल."

"थर्टल!" त्याचा आवाज चिरकला. "मी तुझ्यासाठी इतकं केलं. तुला पश्चात्ताप करायला शिकवलं, आणि तू त्याचं हे केलंस?"

"तुम्ही शिकवलेला मी सात महिने केला, साहेब," ती म्हणाली. "माझा स्वतःचा एकदाच केला. तो तुम्हाला आवडला नाही."

तो वळला आणि ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचला.

हॅविलँडचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. चौकशी झाली. चौकशी करणारे त्याच्याचकडे जेवले. वर्षभरात त्याला उत्तरेकडे याहून मोठी जागा मिळाली. मोज्यांना चौदा वर्षं आणि कोठाराला बढती. लिडियर्डला मात्र मोठं चर्च मिळालं नाही, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्या आठवड्यात मी चुलीपाशी गाणं म्हणत होते.

शनिवारीच आम्ही दोघी अनाथालयात गेलो. मी सुट्टी मागितली नव्हती, नुसती निघाले. दगडी व्हरांड्यात थांबायला सांगितलं. केझायाने लोकर विकत घेऊन एक लाल टोपी विणली होती, ती हातात चुरगाळत होती. आत अकरा मुलं गोवराने गेली, असं दारावरच्या बाईने हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. त्यानंतर केझाया बसली नाही.

मेट्रन, म्हणजे तिथली मुख्य बाई, जेमायमाला हाताला धरून घेऊन आली. चार वर्षांची, काटकुळी, अंगावर गोवराचे डाग अजून होते. तिने झग्याची टोकं धरून गुडघे वाकवले.

"नमस्कार, बाई."

केझाया खाली बसली. "जेमी, मला ओळखलंस?"

मुलीने मेट्रनकडे बघितलं, मग हिच्याकडे. "तुम्ही वाईट बाई आहात का?"

"कुणी सांगितलं?"

"आम्ही रोज वाईट बायकांसाठी प्रार्थना करतो. ज्यांनी आम्हाला जन्म दिला त्यांच्यासाठी."

या बाईने न्यायाधीशाला, हॅविलँडला, पाद्र्याला तोंडावर उत्तर दिलं होतं. तिथे, त्या व्हरांड्यात, तिने नुसती टोपी पुढे केली. मुलीने ती घेतली नाही. शेवटी मीच म्हटलं, "चल गं पोरी, थंडी वाजतेय," आणि उचलून कडेवर घेतली. अख्खा रस्ता ती रडत होती. रडताना आवाज करायचा नाही असं तिला शिकवलेलं होतं, त्यामुळे माझी मान नुसती ओली होत गेली. केझाया दोन पावलं मागून चालत होती.

धक्क्याजवळच्या एका गल्लीत केझायाने मागच्या अंगणासकट एक खोली घेतली आणि खलाशांचे कपडे धुवायला सुरुवात केली. साहेबलोकांचे घ्यायची नाही. "त्यांचे डाग जात नाहीत," म्हणायची. माझी शिक्षा संपल्यावर मीही तिच्याकडे गेले. तेव्हाही जेमायमा घरात पाहुण्यासारखी राहत होती. जेवण वाढलं की "आभारी आहे, बाई". वेणी घालायला बोलावलं की भिंतीकडे तोंड करून उभी. रोज संध्याकाळी पलंगाशी गुडघे टेकून या वाईट बाईला क्षमा कर म्हणून देवाला विनवायची, मोठ्याने, आणि ती वाईट बाई चार हातांवर बसून मोजे रफू करत ऐकायची. मला राहवायचं नाही.

"अगं, दोन सांग तिला! तू कोण आहेस, काय केलंस तिच्यासाठी..."

"सांगणार नाही," केझाया म्हणाली. "तिला भाषणं खूप झाली. मलाही."

हे आठ महिने चाललं. मग एका दुपारी अंगणात जेमायमा एका भटक्या मांजराला निळीच्या पाण्यात बुडवून निळं करायला निघाली होती, आणि केझायाने मांजर हिसकावून घेतलं, तेव्हा ती पोर अनाथालयातलं सगळं विसरली. पाय आपटले, निळीची वाटी भिरकावली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली,

"तू दुष्ट आहेस, आई! मला तू आवडत नाहीस!"

केझाया मांजर छातीशी धरून उभी राहिली. मांजर ओरबाडत होतं, तिच्या गळ्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या, आणि ती हलली नाही.

"बरं," ती म्हणाली. "पुन्हा सांग बघू."